झाकलेला गाडा

ज्या घरात ड्रिल मशीन आहे त्या घराला कारागिराची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडचा गळका नळ, कुरकुरणारं दार, हलणारा पंखा, सगळं मी स्वतः दुरुस्त केलंय. पंखा आता फिरत नाही, पण हलतही नाही! त्यामुळे दोन कयाक लालबागहून गिरगाव चौपाटीला न्यायच्या आहेत असं ठरलं, तेव्हा त्यासाठीचा गाडा मीच बनवणार हे मी घरात जाहीर करून टाकलं.

कयाक म्हणजे एकट्या माणसाने बसून वल्हवायची निमुळती होडी. आमच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या, एक नारिंगी आणि एक हिरवी. वर्सोव्याचा एक माणूस देश सोडून चालला होता, त्याने त्या आमच्या गळ्यात मारल्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि धनेशच्या. धनेश माझा ऑफिसातला मित्र. तो लालबागला चाळीत तळमजल्यावर राहतो, त्यामुळे होड्या त्याच्या पडवीत आणि फुशारक्या माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती.

आता या होड्या चौपाटीला का न्यायच्या होत्या ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. माझी बायको मीनाक्षी चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकली. रोज पहाटे दादरच्या तरणतलावात जायची, परत येऊन डबे भरायची आणि बँकेत जायची. समुद्रात पोहायच्या स्पर्धेत उतरायचं, एवढी एकच गोष्ट तिने स्वतःसाठी म्हणून ठरवली होती. एका वर्षी माझ्या आईचा पाय मोडला म्हणून तिचं नाव मागे घेतलं, दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली म्हणून घेतलं. दोन्ही वेळा ती काही बोलली नाही, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

यंदाची स्पर्धा माघी गणेश जयंतीच्या आदल्या दिवशी, रविवारी आली. आयोजकांचा नियम कडक होता. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर त्याची स्वतःची होडी आणि घरचा माणूस हवा, आणि दोन्ही आठच्या आत वाळूवर हजर हवेत. होडी नाही, तर पाण्यात उतरता येणार नाही. नारिंगीत मी बसणार होतो, आणि सोबतीला हिरवीत धनेश.

मीनाक्षीने टेम्पो सांगू या म्हणून सुचवलं. मी हसलो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "चिंतामणी, पोहायचं मी बघते. तू फक्त होडी आण."

त्या 'फक्त'ने मी पेटलो. भंगारवाल्याकडून जनरेटरचा चार चाकांचा जुना गाडा आणला. त्यावर नळकामाच्या पाइपांचा सांगाडा उभा केला. होड्या आडव्या ठेवल्या तर मागे पुढे लोंबतात आणि चाळीच्या फाटकातून वळत नाहीत, म्हणून त्या उभ्या बांधायच्या, ही माझी मूळ कल्पना. टोकं वर, बुडं खाली, पाठीला पाठ लावून. धनेशला ती कल्पना तितकीशी पटली नव्हती. तरी तो पाइप धरून उभा राहिला, त्याचा स्वभावच तसा आहे.

बोल्टसाठी भोकं पाडताना मात्र माझी मापं थोडी चुकली. मग शेजारी दुसरी पाडली. मग तिसरी. शेवटी बोल्ट बसले, पण सगळे पाइप बासरीच्या कारखान्यातून परत आल्यासारखे दिसायला लागले. संध्याकाळी वारा सुटला आणि त्या सांगाड्यातून एक आवाज निघाला. खोल, लांबलेला, कोणीतरी झोपेत हुंकार द्यावा तसा. धनेशची आई, लक्ष्मीकाकू, भाजी निवडता निवडता थांबल्या आणि आत बघून म्हणाल्या, "कोण कण्हता रे थंय?"

मी त्यांना पाइप दाखवले, भोकं दाखवली, वारा कुठून शिरतो ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाजीचं ताट उचलून त्या घरात जाऊन बसल्या.

रस्त्यात उघड्या होड्या दिसल्या की पोलीस अडवणार, चौकशा करणार, म्हणून त्या झाकायच्या असंही मीच ठरवलं. धनेशने चाळीच्या माळ्यावरून एक मोठं पिवळं रेशमी कापड आणलं, त्याला धुपाचा वास येत होता. लाइफ जॅकेटं कुठे ठेवायची हा प्रश्न होता, ती मी मध्यभागी गच्च बांधली. एक वल्हं खांद्याच्या उंचीवर आडवं अडकवलं, दुसरं हाताशी ठेवलं. वरून कापड टाकून दोरी आवळली. मला तर त्यात उत्तम बांधलेल्या सामानाखेरीज काही दिसलं नाही. रविवारी पहाटे आम्ही गाडा बाहेर काढत होतो तेव्हा लक्ष्मीकाकू दूध आणायला निघाल्या होत्या. गाड्यासमोर त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले आणि मग चपला घालून पुढे गेल्या. धनेश म्हणाला, आई सगळ्यांनाच नमस्कार करते.

मीनाक्षी आधीच चौपाटीवर गेली होती. धनेशच्या जुन्या व्हॅनला मागून गाडा जोडला आणि आम्ही निघालो. माघातली सकाळ, हवेत पांढरं धुरकं भरलेलं, पुलाखालचे दिवे अजून जळत होते. व्हॅनच्या मागच्या काचेतून पाहिलं तर ती पिवळी आकृती आमच्या पाठोपाठ, अगदी आमच्या वेगाने, न डगमगता येत होती. मी तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि मग समोर बघत बसलो.

भायखळ्याला एका टॅक्सीवाल्याने आम्हाला वाट दिली आणि कपाळाला हात लावला. पुढे फुलवाली उठून उभी राहिली. सिग्नलला पोलिसाने आडवी वाहतूक थांबवली, टोपी काढली आणि आम्हाला हाताने पुढे जायला सांगितलं. बांधणी नीट असली की कोणी अडवत नाही, असं मी धनेशला ऐकवलं. धनेश आरशात बघत म्हणाला, "चिंत्या, त्यांका वाटता आपण गणपती घेऊन चाललो."

मी मागे वळून पाहिलं. वर निमुळतं, मध्ये गरगरीत पोट, दोन्ही बाजूंना खांदे, आणि सगळ्यावर पिवळं रेशीम. उद्या माघी चतुर्थी. परळच्या कारखान्यांतून सगळ्या मंडळांच्या मूर्ती निघायचे हेच दिवस, आणि त्या अशाच निघतात, तोंड झाकून. प्रतिष्ठा होईपर्यंत ते कापड कोणी उचलत नाही, कोणी उचलून बघू या असं म्हणतही नाही.

तिथेच उतरून मी कापड काढायला हवं होतं. पण घड्याळ पुढे चाललं होतं आणि मीनाक्षी वाट बघत होती. शिवाय खरं सांगायचं तर इतका मान मला जन्मात कधी मिळाला नव्हता. मी कोणाशीही खोटं बोललो नव्हतो, मी फक्त गप्प बसलो होतो.

गिरगावात मोठा रस्ता खोदलेला निघाला, म्हणून धनेशने व्हॅन एका गल्लीत घातली. गल्लीवर या घरातून त्या घरात गेलेल्या केबलच्या वायरी लोंबत होत्या. मी उतरलो आणि हातातल्या वल्ह्याने वायरी वर उचलून गाडा खालून काढू लागलो. शेवटची वायर जरा हट्टी होती. ती सोडवून मी धनेशला चल म्हणून हाक मारली. मी मागे गाड्यावर चढलोय असं समजून त्याने व्हॅन काढली, ती वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली.

गाडा जागेवरच होता. जोडणीचा हूक मी स्वतः बसवला होता. तो व्हॅनबरोबर गेला.

सगळीकडे अगदी शांत होतं. धुरक्यात समोरची घरं अर्धीच दिसत होती, वरचे मजले नव्हतेच. मग वारा आला आणि सांगाडा हुंकारला. इमारतींच्या मधोमध तो आवाज लालबागपेक्षा खोल वाटला. एक खिडकी उघडली. दुसरी उघडली. कोपऱ्यातलं कुत्रं उठलं, भुंकलं नाही, भिंतीला चिकटून उभं राहिलं. मी वल्हं हातात धरून भालदारासारखा गाड्याशेजारी थांबलो होतो.

जिन्यांवरून माणसं उतरली. सगळी अनवाणी. हूक तुटला, असं मी सांगू लागलो, तर त्यांनी नुसत्या माना डोलावल्या. कुठे जायचंय असं एकानेही विचारलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी खांदे लावले, गाडा हलला, आणि चौपाटीच्या दिशेने न जाता शेजारच्या वाडीत वळला. मी अहो, अहो करत मागून गेलो.

वाडीत मांडव घातलेला होता. झालर, समया, रांगोळी, आणि मधोमध रिकामा चौरंग. मांडवाच्या तोंडाशी सुभद्राबाई नावाच्या एक वृद्ध बाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. नाव मला नंतर कळलं, तेव्हा फक्त त्यांचे डोळे दिसले. त्यांनी भाकरीचा तुकडा गाड्यावरून ओवाळून टाकला. मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायची रीत आहे, म्हणून त्यांनी मला चपला काढायला लावल्या, माझे पाय धुतले आणि मला कुंकू लावलं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

सगळी वाडी जमली होती आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या डोक्याच्या वर बघत होते. मग मीही वळून पाहिलं. पोटापाशी ते कापड हळूहळू आत जात होतं आणि हळूहळू बाहेर येत होतं. आत काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. लाइफ जॅकेटं मी माझ्या या हातांनी बांधली होती. तरी माझ्या अंगावर काटा आला, तो लपवण्यात अर्थ नाही.

खिशात फोन थरथरला. धनेश होता. "चिंत्या, मी चौपाटीर. तू खंय?"

"तू मागे बघ," मी कुजबुजलो.

"बघलंय. हूक हा."

त्याला मी वाडीचं वर्णन सांगतोय तोवर मीनाक्षीचा मेसेज आला. सगळ्यांच्या होड्या आल्यात, तुझी कुठे आहे, थोड्या वेळात माझं नाव काढतील. एवढंच. एकही रागाचा शब्द नव्हता. पाय मोडला तेव्हाही नव्हता, कावीळ झाली तेव्हाही नव्हता. तिचं तिसरं वर्ष मी एका मांडवात बुडवत होतो, आणि खरं बोलायची माझी हिंमत होत नव्हती. लोक मारतील ही भीती होतीच. पण त्याहून सुभद्राबाईंचा चेहरा उतरलेला मला बघवला नसता. काय करावं ते सुचेना. मग मी जे केलं ते कोणालाही करताना बघितलं असतं तर हसलो असतो. मी डोळे मिटले, हात जोडले आणि माझ्याच दोन प्लॅस्टिकच्या होड्यांना म्हटलं, बाबा, मला आठच्या आत चौपाटीला पोचव.

डोळे उघडले तेव्हा मंडळाचे जुने सल्लागार कुशाबा फोनवर बोलत होते. मंडळाची मुलं मूर्ती आणायला परळला गेली होती, त्यांचा फोन होता. कुशाबा ऐकत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. फोन ठेवून ते मांडवाच्या खांबाला टेकले.

"पोरं कारखान्यात आहेत," ते म्हणाले. "रंग ओला आहे. मूर्ती अजून तिथेच उभी आहे, दुपारी निघेल." मग त्यांनी गाड्याकडे बघितलं. "मग आपल्याकडे हे कोण आलंय?"

समईची ज्योत एका बाजूला झुकली आणि त्या पिवळ्या कापडाच्या आतून हुंकार आला. सगळी वाडी एक पाऊल मागे सरकली. तुम्हाला खोटं वाटेल, मीही सरकलो! ज्याने ती भोकं पाडली तो मीच, हे त्या घटकेला मला आठवेना.

कापड उचलून बघा, असं एक जण पुटपुटला. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला. प्रतिष्ठेआधी तोंड उघडायचं नाही. गणपती असेल तर पाप, आणि गणपती नसेल तर आत काय असेल, या विचाराने कोणी पुढे होईना. हळूहळू सगळ्यांच्या नजरा वरून खाली आल्या आणि माझ्यावर स्थिरावल्या.

सुभद्राबाई माझ्यासमोर आल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "तू आणलंस. आता खरा सांग. ह्यो कोण?"

आणि त्या डोळ्यांसमोर माझं सगळं शहाणपण संपलं. मी म्हटलं, "माझ्या बायकोच्या होड्या आहेत. ती आज समुद्रात पोहणार आहे. मी आठच्या आत पोचलो नाही तर तिला उतरू देणार नाहीत. दोन वर्षं माझ्यामुळेच राहिलंय तिचं." मग पाइपांचं सांगितलं, भोकांचं सांगितलं.

मार पडणार या तयारीने मी खांदे आवळून उभा राहिलो. सुभद्राबाईंनी गाड्याकडे बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातलं वल्हं हळूच चाचपून पाहिलं.

"खालच्यो होड्यो तुझ्यो असतीत," त्या म्हणाल्या. "वर बसान कोण इलो ता माका म्हायत हा. तुझी बायल पाण्याकडे उभी, आणि तू हयसर पाय धुवून घेतंस?" आणि वाडीकडे वळून म्हणाल्या, "ढकला."

गाडा चौपाटीला कसा न्यायचा हे गिरगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दोरी बांधली गेली, माणसं आपापल्या जागी लागली, एक जण माझं वल्हं घेऊन वायरी उचलायला पुढे धावला. मी कापड काढू का म्हणून विचारलं तर कुशाबांनी झटकून टाकलं. आलेला पाहुणा कोण ते ठाऊक नाही, त्याचं तोंड रस्त्यात उघडायचं नाही, जे काय ते पाण्यासमोर. त्या धुरक्यातून आम्ही पळत होतो, ना ढोल, ना ताशा, ना जयघोष. नुसते अनवाणी पाय आणि वरून येणारा तो आवाज. प्रत्येक नाक्यावर माणसं मिळत गेली. मी मध्येच शेजारच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे न बघता धावत होता, आणि हा वाडीतला की वाटेतला की आणखी कुठला, हे विचारायची मला छाती झाली नाही.

वाळूवर गाड्याची चाकं रुतली. समोर आयोजकांचं टेबल, टेबलापाशी पोहायच्या टोपीत मीनाक्षी. ती काहीतरी विनवत होती आणि टेबलामागचा माणूस घड्याळावर बोट ठेवून मान हलवत होता. गर्दीची चाहूल लागून तिने वळून बघितलं. धुरक्यातून वर येणारी ती उंच पिवळी आकृती, खाली अनवाणी माणसांचा घोळका. माझी बायको देवाधर्माच्या फार फंदात पडणारी नाही. पण तिने डोळे मिटले, हात जोडले, आणि तिचे ओठ हलले.

टेबलामागचा माणूसही उठून उभा राहिला होता.

कुशाबांनी पाण्याकडे तोंड करून दोरी सोडली. पिवळं कापड घसरलं आणि नारिंगी होडी उघडी पडली. मीनाक्षीने डोळे उघडले. तिला आधी होडी दिसली, मग होडीशेजारी धापा टाकणारा, कपाळावर कुंकू आणि पायांत काही नसलेला नवरा दिसला. ती टेबलाकडे वळली आणि म्हणाली, "माझी होडी आली. लिहा." त्या माणसाने घड्याळाकडे न बघता लिहिलं.

मग ती पाण्यात उतरली. धनेश हिरव्या होडीतून मागे आणि मी नारिंगीतून बाजूला. बाहेर समुद्रावर धुरकं दाट होतं, किनारा पुसला गेला होता, आणि मध्ये काही वेळ तिची टोपी मला दिसेना. तेवढा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. मग अगदी जवळून, माझ्या डाव्या हाताला, तिचा श्वास ऐकू आला, संथ, एकसारखा. ती पोहत होती. इतकी वर्षं ही बाई डबे भरत होती आणि हे तिला येत होतं, या विचाराने मला एकदम रडू आलं. वल्हवताना डोळे पुसता येत नाहीत, म्हणून मी तसाच वल्हवत राहिलो.

ती पहिली आली नाही, दुसरीही आली नाही. पण आली. आपल्या पायांनी वाळूवर चालत आली, तेव्हा सुभद्राबाई अजून तिथेच बसल्या होत्या. त्यांनी तिच्या पायांवर तांब्यातलं पाणी घातलं, समुद्रातून आत्ता बाहेर आलेल्या पायांवर! मीनाक्षी वाकून त्यांच्या पाया पडली आणि मग दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. मला त्यात कोणी बोलावलं नाही.

नंतर टॉवेल गुंडाळून ती चहा पीत होती तेव्हा मी जरा सरकून बसलो. मन भरून आलं होतं. एवढ्या गर्दीत, इतक्या संकटात, तिने डोळे मिटून हात जोडले होते. माझी किती काळजी वाटली असेल तिला! म्हणून मी हळूच विचारलं, मघाशी काय मागितलंस.

तिने चहाचा घोट घेतला. समुद्राकडे बघत थोडं हसली.

"म्हटलं, देवा, नवरा नाही आला तरी चालेल," ती म्हणाली, "पण होडी तेवढी पाठव."